हॅस्केल शिकताना सुरुवातीला होणाऱ्या चुका: आडतीच्या पट्टीचं उदाहरण घेऊन

नांदेड, लातूर किंवा संभाजीनगरला बीसीए, बीसीएस नाहीतर इंजिनिअरिंग करणाऱ्याच्या हातात आधी सी येतं, मग जावा किंवा पायथन. ‘आधी हे कर, मग ते कर’ असं मशीनला सांगायची सवय तिथंच लागते. हॅस्केल ही फंक्शनल प्रोग्रामिंग भाषा, तिथं हुकूम द्यायची सोय फार थोडी आहे. अमुक गोष्ट म्हणजे काय, तेवढं लिहायचं असतं. नवशिक्याच्या निम्म्याहून जास्त चुका या जुन्या सवयीच्या असतात. उरलेल्यांपैकी काही भाषेच्या लिखावटीमुळे होतात, तर काही मराठी मजकुरामुळे, आणि या शेवटच्या चुका इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सहसा सापडत नाहीत.

उदाहरणाला बाजार समितीतली सोयाबीनची पट्टी घेऊ. माल उतरला, काटा झाला, भाव फुटला की आडत्या शेतकऱ्याला पट्टी देतो. तिच्यावर वजन, भाव, रक्कम, त्यातून हमाली-तोलाईची कपात आणि निव्वळ हातात पडणारे पैसे असतात. हिशोब छोटा आहे, पण किलो, क्विंटल, रुपये, यादी, बेरीज आणि फाइल हे सगळं त्यात येतं.

खालचा कोड वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत दिला आहे. मशीनवर नावं, अंक, सगळं इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचं. आणखी एक गोष्ट देवनागरीत दाखवता येत नाही, ती आत्ताच ध्यानात ठेवा: टाइपचं आणि कन्स्ट्रक्टरचं (त्या टाइपची किंमत तयार करणाऱ्याचं) नाव कॅपिटल अक्षराने सुरू होतं, फंक्शनचं आणि व्हेरिएबलचं स्मॉल अक्षराने. ही आवड-निवड नाही, नियम आहे. फंक्शनचं नाव कॅपिटलने सुरू केलंत तर ‘नॉट इन स्कोप: डेटा कन्स्ट्रक्टर’ असा एरर येतो आणि बिचारा विद्यार्थी नसलेला कन्स्ट्रक्टर शोधत बसतो.

बसवताना

जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर. तो बसवायला जीएचसीअप हा एकच इन्स्टॉलर वापरा आणि त्याने ‘रेकमेंडेड’ म्हटलेली आवृत्ती घ्या, सगळ्यात नवीन नको. डाउनलोड मोठं असतं आणि डिस्कवर काही जीबी जातात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि लाइट जायच्या वेळेला हे काम काढू नका. लॅबमधल्या ४ जीबी रॅमच्या मशीनवर लँग्वेज सर्व्हर (एडिटरमध्येच चुका दाखवणारा प्रोग्राम) लावायच्या फंदात पडू नये, तो एकटाच मेमरी खाऊन टाकतो. एका खिडकीत साधा एडिटर, दुसऱ्या खिडकीत जीएचसीआय (ओळ टाइप केली की लगेच उत्तर देणारा जीएचसीचा भाग), एवढ्यावर पहिले काही महिने आरामात जातात. फाइल सेव्ह केली की जीएचसीआयमध्ये कोलन-आर देऊन ती पुन्हा लोड करा. ‘कोड बदलला तरी उत्तर जुनंच येतंय’ म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा हेच केलेलं नसतं.

एडिटरमध्ये टॅबच्या जागी स्पेस पडतील अशी सेटिंग पहिल्याच दिवशी करा. हॅस्केलमध्ये ओळ कुठल्या रकान्यात सुरू होते याला अर्थ आहे. कंपायलर टॅब ८ रकान्यांचा धरतो, तुमचा एडिटर कदाचित ४ चा दाखवतो. डोळ्याला ओळी सरळ दिसतात, कंपायलरला वाकड्या. मग ‘पार्स एरर ऑन इनपुट’ येतो, आणि तोही बऱ्याचदा चुकीच्या ओळीवर नाही, तिच्या पुढच्या ओळीवर. या एररला दाखवलेली ओळ आणि तिच्या वरची ओळ, दोन्ही बघायच्या.

बरोबरचं चिन्ह

पहिल्याच तासाला होणारी चूक ही:

एकूण = एकूण + हमाली

सीमध्ये याचा अर्थ ‘एकूणमध्ये हमाली मिळव’. हॅस्केलमध्ये याचा अर्थ ‘एकूण म्हणजे एकूण अधिक हमाली’. एक्सेलमध्ये एखाद्या खान्यात त्याच खान्याचा पत्ता घालून सूत्र लिहिलं तर तो सर्क्युलर रेफरन्सची सूचना देतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की हॅस्केल लिहिताना अडवत नाही. किंमत मागितली की मशीन घुमत राहतं, कंट्रोल-सी दाबून थांबवावं लागतं. कंपाइल केलेला प्रोग्राम कधीकधी ‘लूप’ एवढं बोलून मरतो.

उपाय म्हणजे प्रत्येक टप्प्याला वेगळं नाव द्यायचं. पट्टीवर तरी काय असतं? रक्कम, तिच्याखाली कपात, तिच्याखाली निव्वळ. आधीचा आकडा खोडून कोणी त्यावर नवा लिहीत नाही.

रक्कम = किलो * भाव `डिव्ह` १००
कपात = कट्टे * दर
निव्वळ = रक्कम - कपात

डिव्ह म्हणजे पूर्णांकी भागाकार; भाव क्विंटलचा आहे म्हणून १००. या तीन ओळी कुठल्याही क्रमाने लिहिल्या तरी उत्तर बदलत नाही. निव्वळ सगळ्यात वर लिहून बघा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बरोबरच्या चिन्हाचा अर्थ पक्का बसतो.

एक घोटाळा मात्र जीएचसीआय स्वतःच करतं. तिथं ‘भाव = ४४००’ आणि त्याखाली ‘भाव = ४५००’ टाइप केलं तर चालतं, म्हणून व्हेरिएबल बदलतं असं वाटतं. बदलत नाही, त्याच नावाचं दुसरं व्हेरिएबल तयार होऊन पहिलं झाकलं जातं. त्याच दोन ओळी फाइलमध्ये एकाखाली एक लिहा, ‘मल्टिपल डिक्लरेशन्स’चा एरर येईल.

कंस, स्वल्पविराम आणि वजाचं चिन्ह

फंक्शनला आर्ग्युमेंट जागा सोडून द्यायची असतात. सवयीने कंस-स्वल्पविराम घालून रक्कम(१२५०, ४४००) लिहिलंत तर कंपायलरच्या लेखी तुम्ही दोन आकडे दिले नाहीत, दोन आकड्यांची जोडी हे एकच आर्ग्युमेंट दिलं. बरोबर लिखाण: रक्कम १२५० ४४००.

याच्या उलट टोकाला ‘प्रिंट रक्कम १२५० ४४००’ हे येतं. इथं प्रिंटला तीन आर्ग्युमेंट मिळाली असं कंपायलर समजतो आणि तसं स्पष्ट सांगतोही. प्रिंट (रक्कम १२५० ४४००) असा कंस घाला, किंवा प्रिंटनंतर डॉलरचं चिन्ह टाका. डॉलरच्या उजवीकडचं सगळं आधी सोडवलं जातं. फंक्शनला आर्ग्युमेंट जोडणं हे बेरीज-गुणाकाराच्याही आधी होतं, म्हणून ‘रक्कम क भ + १०’ म्हणजे रकमेत १० मिळवले, भावात नाही.

वजाचं चिन्ह खास त्रास देतं. ‘फरक -५’ म्हणजे फरक या फंक्शनमधून ५ वजा. एरर येतो तो भलताच लांबलचक, ‘नम’च्या (आकड्यांच्या टाइपांच्या गटाच्या) इन्स्टन्सबद्दल, म्हणजे टाइप त्या गटात बसतो या नोंदीबद्दल. फरक (-५) लिहायचं. आणि यादीतल्या प्रत्येक आकड्यातून १ वजा करायला मॅप (-१) चालत नाही, कारण कंसातलं वजा एक हा नुसता आकडा आहे. तिथं मॅप (सबट्रॅक्ट १).

‘शो’ची (किंमत मजकुरात बदलता येणाऱ्या टाइपांच्या गटाची) इन्स्टन्स नाही असा एरर आला आणि त्यात बाणाचं चिन्ह असलेला टाइप दिसला, तर एखादं आर्ग्युमेंट द्यायचं राहिलं आहे, तुम्ही उत्तराऐवजी अर्धवट फंक्शन छापायला निघाला आहात. बाण नाही, तुमच्याच टाइपचं नाव आहे, तर त्या टाइपखाली ‘डिरायव्हिंग शो’ लिहायचं राहिलंय.

सिग्नेचर आधी

प्रत्येक फंक्शनच्या वर त्याचा टाइप, म्हणजे सिग्नेचर, लिहा. कंपायलर तो स्वतः ओळखू शकतो, पण म्हणून सोडून देऊ नका. सिग्नेचर नसेल तर तुमची चूक तो खरी धरून पुढे जातो आणि एरर तीन फंक्शनं सोडून चौथ्यात दाखवतो. सिग्नेचर असेल तर चूक जिथल्या तिथे सापडते. एररमध्ये ‘एक्स्पेक्टेड’ म्हणजे त्या जागेला काय हवं होतं, ‘ॲक्च्युअल’ म्हणजे तुम्ही काय दिलंत. दहा एरर आले तरी पहिलाच वाचायचा. तो दुरुस्त केला की बाकीचे बरेच आपोआप जातात.

आता पट्टीची रक्कम. वजन १२५० किलो, म्हणजे ५० किलोचे २५ कट्टे. भाव समजा क्विंटलला ४४०० रुपये.

रक्कम :: इंट -> इंट -> इंट
रक्कम किलो भाव = किलो * भाव `डिव्ह` १००

उत्तर ५५,००० येतं. हेच कोणी ‘आधी क्विंटल काढू’ म्हणून किलो `डिव्ह` १०० * भाव असं लिहितो. डिव्ह अपूर्णांक टाकून देतं, १२५० किलोचे १२ क्विंटल होतात आणि उत्तर येतं ५२,८००. शेतकऱ्याचे २,२०० रुपये गेले आणि एरर एकही नाही. पूर्णांकांच्या हिशोबात गुणाकार आधी, भागाकार शेवटी. ‘मग डबलच वापरू’ हा उपाय पैशांसाठी चांगला नाही, तिथं ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. पैसे इंटमध्ये ठेवा. पैशापर्यंत हिशोब लागत असेल तर सगळं पैशांत मोजा आणि छापताना रुपये करा.

यापेक्षा मोठी चूक म्हणजे एकक. कोणीतरी ‘टाइप किलो = इंट’ आणि ‘टाइप क्विंटल = इंट’ लिहितो आणि आता कंपायलर आपल्याला वाचवेल असं समजतो. वाचवत नाही. टाइप या कीवर्डने फक्त दुसरं नाव मिळतं. कंपायलरला दोन्ही इंटच दिसतात. क्विंटलचा १२ हा आकडा किलोच्या जागी गेला तर ५२,८०० ची पट्टी ५२८ रुपयांची होते. त्याऐवजी:

न्यूटाइप किलो = किलो इंट
न्यूटाइप क्विंटल = क्विंटल इंट

किलोत :: क्विंटल -> किलो
किलोत (क्विंटल क) = किलो (क * १००)

आता किलोच्या जागी क्विंटल दिला की कंपाइलच होत नाही. न्यूटाइपमुळे प्रोग्राम हळू होईल ही भीती नको, चालताना ते वेष्टन उरत नाही.

इथंच पुढची चूक दबा धरून असते. किलो ५० + किलो ५० केलं की ‘नम किलोची इन्स्टन्स नाही’ असा एरर येतो. नेटवर शोधलं की नमची इन्स्टन्स डिराइव्ह करायची युक्ती सापडते, आणि एरर जातो. पण त्याबरोबर किलो गुणिले किलोही चालायला लागतं, ज्याला काही अर्थ नाही; आणि नुसता १२ हा आकडाही आपोआप किलो होतो. म्हणजे जे दार लावलं तेच उघडलं. दोन किलो मिळवणारं एका ओळीचं फंक्शन हाताने लिहा, तेवढं पुरे.

सरासरी भाव काढताना जवळपास प्रत्येक जण अडतो:

सरासरी भाव = सम भाव / लेंग्थ भाव

भाव डबलची यादी आहे, पण लेंग्थ इंट देते, आणि हॅस्केल एका आकड्याच्या टाइपचा दुसरा आपणहून करत नाही. फ्रॉमइंटिग्रल (लेंग्थ भाव) लिहावं लागतं. हे चालू झालं की सुटीच्या दिवशीची रिकामी यादी देऊन बघा. शून्य भागिले शून्य, उत्तर ‘नॅन’, म्हणजे ‘आकडाच नाही’. प्रोग्राम पडत नाही, नॅन पुढच्या सगळ्या हिशोबात पसरतो. म्हणून मेबी हा टाइप घ्या, त्यात उत्तर असेल तर जस्ट, नसेल तर नथिंग:

सरासरी :: [डबल] -> मेबी डबल
सरासरी [] = नथिंग
सरासरी भाव = जस्ट (सम भाव / फ्रॉमइंटिग्रल (लेंग्थ भाव))

मेबी आला की काही जण फ्रॉमजस्ट लावून आतला आकडा ओढून काढतात. नथिंग असेल तर प्रोग्राम तिथंच कोसळतो, मग मेबी लावून काय मिळवलं? केस लिहून दोन्ही बाजू हाताळा.

फंक्शनच्या आत काय लिहावं सुचत नसेल, तर त्या जागी नुसता अंडरस्कोर टाकून लोड करा. तिथे कुठला टाइप हवा आणि हाताशी असलेल्यांपैकी काय बसू शकतं, हे कंपायलर सांगतो. ही सोय नवशिक्यांना फार उशिरा कळते.

याद्या

फॉर लूप नाही म्हटल्यावर सगळं रिकर्शनने लिहायचा सपाटा सुरू होतो. शिकायला पाच-सहा वेळा लिहा, पण कामाला आधी मॅप, फिल्टर, सम, झिप यांनी होतंय का ते बघा. रिकर्शन लिहिताना दोन गोष्टी हमखास राहतात. एक, रिकाम्या यादीची ओळ: कंपाइल होतं आणि चालताना ‘नॉन-एक्झॉस्टिव्ह पॅटर्न्स’ म्हणून पडतं. दोन, ओळींचा क्रम: अंडरस्कोरची सगळं झेलणारी ओळ वर लिहिली तर खालच्या ओळींपर्यंत गाडी पोचतच नाही. ‘वॉल’ म्हणजे सगळ्या वॉर्निंग दाखवणारा फ्लॅग कायम लावून ठेवा, कंपायलर या दोन्ही चुका आधीच दाखवतो.

फिल्टर म्हणजे गाळणं की ठेवणं, यात गोंधळ होतो. अट खरी ठरते ते फिल्टर ठेवतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. त्या नोंदी निवडायला फिल्टर (> ६५) पाऊस. घाईत (६५ >) लिहिलं तर ६५ पेक्षा कमी पावसाची मंडळं मिळतात. दोन्ही कंपाइल होतात. अशा ठिकाणी चार आकड्यांची यादी जीएचसीआयमध्ये टाकून बघण्याला पर्याय नाही.

यादीच्या शेवटी एकेक नोंद दोन अधिक चिन्हांनी जोडत जाणं हीसुद्धा जावाच्या ॲरेलिस्टची सवय. हॅस्केलची लिस्ट एका दिशेने जोडलेली साखळी आहे. शेवटी जोडायला दर वेळी डावीकडची पूर्ण यादी पुन्हा बांधावी लागते. १०,००० नोंदी अशा जोडल्या तर साधारण ५ कोटी पायऱ्या होतात. पुढच्या बाजूला कोलनने जोडा आणि सगळं झाल्यावर एकदाच रिव्हर्स करा. तसंच नंबर सांगून नोंद काढणं: दोन उद्गारचिन्हांचं ऑपरेटर पहिल्या नोंदीपासून मोजत जातं. नावावरून किंवा नंबरवरून सारखं शोधायचं असेल तर डेटा.मॅप हा शोधायचा तक्ता वापरा. आणि रिकाम्या यादीवर हेड लावलं की प्रोग्राम पडतो; जीएचसीच्या ९.८ आवृत्तीपासून हेड आणि टेल वापरल्यावर कंपायलर स्वतःच वॉर्निंग देतो.

आळशीपणा आणि मेमरी

हॅस्केल गरज पडेपर्यंत हिशोब करत नाही, ‘करायचं आहे’ अशी चिठ्ठी ठेवतं. जीएचसीआयमध्ये फोल्ड-एल (यादी डावीकडून एकेक करून गोळा करणारं फंक्शन) वापरून १ पासून १ कोटीपर्यंतची बेरीज मागा. बेरीज करण्याऐवजी एक कोटी चिठ्ठ्या एकमेकींना टाचल्या जातात आणि शेवटी सगळ्या एकदम सोडवल्या जातात. स्टॅकची मर्यादा डिफॉल्टने रॅमच्या ८० टक्के असते. म्हणून सीसारखा स्टॅक ओव्हरफ्लो होऊन प्रोग्राम चटकन मरत नाही. आधी मशीन गोठतं, माउसही हलत नाही. जीएचसीआय सुरू करतानाच आरटीएसचा (प्रोग्राम चालताना मेमरी सांभाळणाऱ्या भागाचा) एम हा पर्याय १जी असा देऊन ठेवा. मेमरी १ जीबीच्या वर गेली की प्रोग्राम मरेल, मशीन वाचेल.

खरा उपाय म्हणजे फोल्ड-एल-प्राइम, नावाच्या शेवटी ॲपॉस्ट्रॉफी असलेला. तो दर पायरीला बेरीज करून टाकतो. डेटा.लिस्टमधून आणावा लागतो; ९.१० आवृत्तीपासून प्रिल्यूड या आपोआप मिळणाऱ्या मॉड्यूलमध्येच आहे. साध्या फोल्ड-एलकडे वळायचं कारण फारसं पडत नाही.

पण प्राइम लावला म्हणजे झालं असं नाही. सरासरीसाठी बेरीज आणि संख्या एकाच फेरीत काढायला अक्युम्युलेटर म्हणून (बेरीज, संख्या) अशी जोडी घेतली, तर प्राइम फक्त जोडी आहे का एवढंच बघतो. जोडीच्या आतले दोन आकडे चिठ्ठ्याच राहतात, आणि मेमरी पहिल्यासारखीच फुगते. दोन्ही नावांपुढे बँग पॅटर्नचं उद्गारचिन्ह टाका, किंवा जोडीऐवजी स्ट्रिक्ट, म्हणजे हिशोब लगेच होणारी, फील्ड असलेला स्वतःचा डेटा टाइप करा.

ओ२ फ्लॅग लावून कंपाइल केल्यावर यातल्या बऱ्याच चुका ऑप्टिमायझर झाकून टाकतो. त्यामुळे ‘माझ्याकडे तर चालतं’ आणि ‘माझ्याकडे मशीन अडकतं’ हे दोघंही खरं बोलत असतात. एकाने कंपाइल केलेलं असतं, दुसऱ्याने जीएचसीआयमध्ये चालवलेलं.

मराठी मजकूर आणि आकडे

प्रिंट "लातूर" लिहिलं की पडद्यावर असं उमटतं:

"\२३५४\२३६६\२३४०\२३७०\२३५२"

फॉन्ट बिघडलेला नाही. प्रिंट आधी शो लावतो आणि शो इंग्रजीबाहेरच्या प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक लिहितो: ल, काना, त, दीर्घ ऊकार, र. मजकूर छापायला पुटस्ट्रएलएन वापरा. शोने बनवलेल्या स्ट्रिंगमध्येही हेच क्रमांक शिरतात, म्हणून जिल्ह्याच्या नावाला शो लावूच नका. ते आधीच स्ट्रिंग आहे.

विंडोजच्या जुन्या कन्सोलवर पुटस्ट्रएलएनसुद्धा ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून पडतं. कन्सोलमध्ये आधी सीएचसीपी ६५००१ चालवा, किंवा मेनच्या पहिल्या ओळीत एचसेटएन्कोडिंग स्टडआउट यूटीएफ८ लिहा.

वरचे क्रमांक मोजलेत तर पाच भरतात. लेंग्थ "लातूर" चं उत्तर तेच, ५ येतं. आपल्या डोळ्याला अक्षरं तीन. नांदेडचं उत्तर ६, बीडचं ३. जिल्हानिहाय तक्त्याचे रकाने लेंग्थवर मोजून स्पेस भरले की ओळी वाकड्यातिकड्या होतात. डेटा.टेक्स्ट वापरलं तरी मोजणी तीच. आणि रिव्हर्स लावलं तर मात्रा अक्षराच्या आधी येऊन लटकतात.

आकड्यांचंही तसंच. इजडिजिट फक्त इंग्रजी ० ते ९ ला खरं म्हणतं, देवनागरी अंकांना नाही. फाइलमध्ये कोणी देवनागरीत वजन भरलं असेल तर रीड ‘नो पार्स’ म्हणून पडतं. ऑर्डने अक्षराचा क्रमांक काढून त्यातून २४०६ वजा केले की अंक मिळतो, कारण देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे. ४,४०० मधला स्वल्पविरामही रीडला चालत नाही, आधी गाळून टाका. आणि बाहेरून आलेल्या मजकुरावर रीड नको, टेक्स्ट.रीड मधलं रीडमेबी वापरा. वाकडी ओळ आली तर नथिंग मिळतं, प्रोग्राम जिवंत राहतो.

डबलमधली मोठी रक्कम शोने छापली तर १ कोटीपासून पुढे १.०ई७ अशी दिसते. पट्टीवर हे चालणार नाही. टेक्स्ट.प्रिंटएफ घ्या आणि दोन दशांश स्थळांचा फॉरमॅट द्या.

इनपुट, आउटपुट, फाइल

डू ब्लॉक दिसायला सीसारखा असतो, म्हणून तिथं जुनी सवय पुन्हा डोकं वर काढते. ‘लेट ओळ = गेटलाइन’ लिहिलं तर ओळमध्ये मजकूर येत नाही, मजकूर आणायची क्रिया येते. मजकूर हवा तर डावीकडे बाण: ओळ <- गेटलाइन. उलट, साध्या हिशोबाला बाण नको, तिथं लेट.

रिटर्न फंक्शनमधून बाहेर काढत नाही. डू ब्लॉकच्या मधोमध रिटर्न लिहिलं तरी पुढच्या ओळी चालतातच. ते किमतीला आयओमध्ये (इनपुट-आउटपुटच्या क्रियेत) गुंडाळतं, एवढंच. आणि डू ब्लॉकमध्ये ‘मॅप प्रिंट यादी’ने काही छापलं जात नाही, टाइपचा एरर येतो, कारण मॅपने नुसती क्रियांची यादी तयार होते. क्रिया करून घ्यायला मॅपएम-अंडरस्कोर.

जीएचसीआयमध्ये नीट चालणारा आणि कंपाइल केल्यावर बिघडणारा एक प्रकार असा: ‘किलो सांगा:’ हे पुटस्ट्रने छापायचं आणि मग गेटलाइन. कंपाइल केलेल्या प्रोग्राममध्ये प्रश्न दिसतच नाही, प्रोग्राम गप्प बसल्यासारखा वाटतो. आकडा टाइप करून एंटर दाबल्यावर प्रश्न उमटतो. टर्मिनलला जाणारं आउटपुट ओळ पूर्ण होईपर्यंत बफरमध्ये थांबतं, म्हणून असं होतं. पुटस्ट्रनंतर एचफ्लश स्टडआउट लिहा.

रीडफाइलने पट्ट्यांची फाइल वाचायची, एक ओळ वाढवायची आणि राइटफाइलने त्याच नावावर लिहायची, हे केलं की ‘रिसोर्स बिझी, फाइल इज लॉक्ड’. रीडफाइलही आळशी आहे. लिहायची वेळ येते तेव्हा वाचन संपलेलं नसतं आणि फाइल उघडीच असते. डेटा.टेक्स्ट.आयओ मधलं रीडफाइल एका दमात सगळं वाचून फाइल बंद करतं, ते वापरा. त्याहून सुरक्षित म्हणजे नव्या नावाने लिहून मग नाव बदलणं. मधेच लाइट गेली तरी जुन्या पट्ट्या शाबूत राहतात.

मोनॅडचं, म्हणजे पायऱ्या साखळीत जोडायच्या सामायिक आकाराचं, काय? सुरुवातीला काही नाही. मोनॅड समजावणारे लेख वाचण्यात महिना घालवणं हीच एक ठरलेली चूक आहे. मेबी आणि आयओ वापरत राहा, दोन्हींत डू लिहा, सरासरीचं मेबी डू ब्लॉकने साखळीत जोडून बघा. दोन्ही ठिकाणी तोच आकार दिसायला लागला की व्याख्या वाचायला बसा. तेव्हा ती अर्ध्या पानाची वाटते.

दुसरी फंक्शनल भाषा घेतली असेल तर

वरचं सगळंच लागू पडत नाही. एरलँगमध्ये एक्स = एक्स + १ लिहिलं तर मशीन घुमत नाही, ‘बॅडमॅच’ येतो. एलिक्सर एरलँगच्याच मशीनवर चालते, पण तिथं तीच ओळ बिनतक्रार चालते, कारण नाव नव्या किमतीला पुन्हा बांधलं जातं. ओकॅमल आणि एफशार्प आळशी नाहीत, त्यामुळे चिठ्ठ्यांचा प्रश्न बहुतेक येत नाही. मात्र ओकॅमलमध्ये पूर्णांकांची बेरीज साध्या अधिकाने आणि अपूर्णांकांची अधिकापुढे टिंब देऊन करावी लागते, आणि पहिले दोन दिवस ते टिंब राहून जातं. यादीच्या शेवटी जोडत जाण्याची चूक मात्र या चारही भाषांत तितकीच महाग पडते.